नेटचा स्पीड ९५ एमबीपीएसच्या वर जात नसेल तर
नेट हळू असलं की राउटर बदला म्हणजे स्पीड वाढेल असं सांगितलं जातं, वायफायपुरतं ठीक आहे, पण वायरने जोडलेल्या कॉम्प्युटरवरही आकडा ९४-९५ एमबीपीएसलाच अडकत असेल आणि राउटर आणि कॉम्प्युटर दोन्हीकडचे पोर्ट गिगाबिट (म्हणजे १००० एमबीपीएसचे) असतील तर आधी केबलची टोकं बघा. १०० एमबीपीएसला केबलमधल्या आठपैकी चारच तारा लागतात (१, २, ३ आणि ६ नंबरच्या), गिगाबिटला आठही, त्यामुळे बाकीच्या चारपैकी एखादी नीट लागली नाही तरी सहसा नेट बंद पडत नाही, गुपचूप १०० वर उतरतं आणि आपण कंपनीला शिव्या घालत बसतो.

आमच्याकडे भिंतीतल्या सॉकेटमागे तपकिरी तार नुसती टेकलेली होती, पंचिंग टूलने (तार सॉकेटच्या खाचेत दाबून बसवायचं हत्यार) दाबली आणि लिंक १००० दाखवायला लागली. केबलच्या टोकाचा कनेक्टर पारदर्शक असेल तर टॉर्च मारून समोरून बघा, आठही तांब्याची टोकं दिसली पाहिजेत, एखादं मागे राहिलं असेल तर सरळ कापून नवीन कनेक्टर लावा, एकदा क्रिंप केलेला (तारांवर दाबून बसवलेला) परत वापरता येत नाही.