मदत हवी आहे: 'ॲडव्हान्स्ड स्क्वॉड लीडर'मधील दृष्टिरेषा आणि झाडीमागचे आंधळे षटकोन

नमस्कार. मी आणि माझा धाकटा भाऊ आजवर 'मेमॉयर ४४' हा रिचर्ड बोर्ग यांचा २००४ सालचा पटावरचा युद्धखेळ खेळत आलो. अलीकडे आम्ही ॲव्हलॉन हिलने १९८५ साली काढलेल्या 'ॲडव्हान्स्ड स्क्वॉड लीडर'कडे वळलो, आणि दृष्टिरेषेच्या, म्हणजे एका तुकडीला दुसरी दिसते की नाही हे ठरवणाऱ्या, ज्याला आपण सगळे लाइन ऑफ साइट म्हणतो त्या रेषेच्या, नियमांपाशी अडलो आहोत. जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

परवाच्या डावात माझी जर्मन मशीनगन एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, म्हणजे पातळी २ वर होती. तिच्यापासून सहाव्या षटकोनात, म्हणजे नकाशावरच्या सहा बाजूंच्या घरात, झाडी होती, तिची उंची पातळी १, आणि त्या झाडीच्या मागे दुसऱ्या षटकोनात सपाट जमिनीवर भावाची रशियन तुकडी उभी होती. मी गोळीबार जाहीर केला, मध्यबिंदूपासून मध्यबिंदूपर्यंत दोरा ताणला, आणि भावाने सांगितले की तो षटकोन आंधळा आहे, त्यामुळे तुकडी दिसतच नाही. शिवाय मशीनगनने गोळीबार केला असेच धरले जाईल. त्या एका वाया गेलेल्या गोळीबाराने माझी संपूर्ण डावी बाजू उघडी पडली.

त्याचा हिशेब असा: अडथळ्याची उंची एक पातळी, म्हणून एक आंधळा षटकोन, बघणाऱ्यापासून अडथळ्यापर्यंतच्या प्रत्येक पूर्ण पाच षटकोनांमागे आणखी एक, एकूण दोन. हे मला पटते, पण शाळेत शिकलेल्या समरूप त्रिकोणांनी तपासले तर गणित जुळत नाही. बघणारा झाडीच्या शेंड्यापेक्षा एक पातळी उंच, झाडी जमिनीपेक्षा एक पातळी उंच आणि अंतर सहा षटकोन, म्हणजे झाडीमागची सावलीही सहा षटकोनांची पडायला हवी. मग नियम दोनवरच का थांबतो? दुसरी शंका अशी की दोरा षटकोनाच्या कडेवरून गेला तर 'मेमॉयर ४४'प्रमाणे दोन्ही बाजूंना अडथळा असेल तरच दृष्टी अडते, असे येथेही धरायचे का?

प्रतिसाद १

आपल्या बंधूंचा हिशेब बरोबर आहे. अंतर चार असते तर एकच षटकोन आंधळा झाला असता, नऊला दोन आणि दहाला तीन. मशीनगन आणखी एक पातळी वर, म्हणजे झाडीपेक्षा दोन पातळ्या उंच असती, तर त्यातून एक वजा झाला असता. मात्र झाडीला लागून असलेला निदान एक षटकोन नेहमी लपलेला राहतो.

आपले त्रिकोणही चुकलेले नाहीत, पण ते अगदी सपाट जमीन आणि अचूक मोजलेल्या उंचीसाठी आहेत. या खेळात एक षटकोन चाळीस मीटरांचा असतो, त्यामुळे 'पातळी १' आणि 'पातळी २' हे उंचीचे जाडसर टप्पे ठरतात आणि तुकडी हा एक बिंदू नसून त्या चाळीस मीटरांत पसरलेली माणसे असतात. सहा-सहा षटकोनांच्या सावल्या खऱ्या मानल्या, तर वरच्या मजल्यावरच्या मशीनगनला काहीच अर्थ उरणार नाही. अंतर वाढले की सावली वाढते आणि उंची वाढली की घटते, ही भूमितीची दिशा नियमाने जपली आहे. आकडा मात्र दोन्ही खेळाडूंना बोटांवर मोजता येईल एवढाच ठेवला आहे. माझ्या मते हा निर्णय योग्य आहे.

कडेच्या बाबतीत 'मेमॉयर ४४'ची सवय मोडावी लागेल. तेथे संपूर्ण षटकोन जंगलाचा असतो. येथे नकाशावर काढलेले चित्र प्रमाण आहे. दोरा झाडीच्या चित्रावरून गेला तर एकाच बाजूची झाडीही दृष्टी अडवते, आणि उलट इमारतीच्या षटकोनातून जाऊनही इमारतीच्या चित्राला न शिवता गेला तर दृष्टी मोकळी राहते. दोरा गोळीबार जाहीर केल्यानंतरच ताणायचा असल्यामुळे नकाशा नजरेने वाचायची सवय करावी लागते, आणि ती दहा-बारा डावांत होते.

धागाकर्ता

मनापासून आभार. चित्राचा मुद्दा आमच्या दोघांच्याही लक्षात आला नव्हता. एक शेवटची शंका: पुढचा डाव जुलै महिन्यातला आहे आणि समान पातळीवर समोरासमोर असलेल्या तुकड्यांमध्ये पिकाचे तीन षटकोन येतात. तेथे दृष्टी अडते का?

प्रतिसाद १

अडत नाही, धूसर होते. जून ते सप्टेंबर या काळात उभे पीक प्रत्येक षटकोनामागे दोन फाशांच्या बेरजेत एक वाढवते, म्हणजे तुमच्या बाबतीत तीन, आणि बेरीज जितकी कमी तितका मारा प्रभावी असल्यामुळे हे तीन चांगलेच जाणवतात. अशा अडसरांची बेरीज सहा किंवा त्याहून जास्त झाली, तर मात्र दृष्टिरेषा पूर्ण बंद होते.