तब्येत आणि थकलेली देणी

या चर्चेत वर एकांनी लिहिलंय की तब्येत ज्याच्या त्याच्या हातात. पहाटे नेहरू पार्कात चाला, शेव-जिलबी कमी करा, झालं. चालावं हे खरंच. पण इंदूरात राहून हे म्हणताना परदेशीपुरा, मालवा मिल या गिरणी कामगारांच्या भागांकडे पाहायला हवं, असं मला फार वाटतं.

इथली हुकुमचंद मिल ही कापड गिरणी डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली आणि कामगारांची देणी मिळायला डिसेंबर २०२३ उजाडलं. मधल्या ३२ वर्षांत कितीतरी जण वारले. नोकरी म्हणजे नुसता पगार नव्हता हो; सोबत ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं कार्ड, त्यावर घरच्यांचंही औषधपाणी. ते सुटलं की तपासणी लांबणीवर पडते, बीपीची गोळी एकाआड एक दिवस घेतली जाते. यातलं काय त्या माणसाच्या सवयींत बसवायचं?

हे फक्त गरिबीपुरतंही नाही. ब्रिटनमध्ये १९६७ साली सुरू झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासात सगळेच सरकारी नोकर होते, उपचार मोफत होते. तरी सर्वांत खालच्या श्रेणीत हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट निघाले. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हिशेबात धरूनही बराच फरक उरलाच.

म्हणून आपल्या मंडळाच्या आरोग्य शिबिरात शुगर तपासताना काम काय करता, उपचारांचं कुठलं कार्ड आहे का, हेही विचारूया. शेजारी आयुष्मान कार्डाचे (सरकारी मोफत उपचार योजनेचे) अर्ज भरून द्यायला एक टेबल ठेवा, तिथे मी बसेन.