थंडीतले हातचे उद्योग: विणकाम आणि घरातली बारीकसारीक कामं

दोनसुया

काल माळ्यावरून रजया काढताना जुन्या अभ्र्यात गुंडाळलेल्या दोन सुया टणकन खाली पडल्या. अ‍ॅल्युमिनियमच्या, राखाडी, डोक्यावर नंबर कोरलेल्या. एकीचं टोक जरासं वाकलेलं. ते वाकडं टोक बघितलं आणि आत्या डोळ्यांपुढे आली.

आत्या थंडीत आमच्याकडे राहायला यायची आणि आल्याआल्या घरातल्या सगळ्या पोरांना रांगेत उभं करून दोऱ्याने छाती मोजायची. मापाला गाठ मारायची. कुणाची गाठ कुठली हे तिच्या डोक्यात. कागद नाही, पेन्सिल नाही. बोलता बोलता विणायची, भांडता भांडताही विणायची. फक्त टाके मोजत असताना कुणी मध्ये तोंड घातलं की हात वर करून मोठ्याने आकडा म्हणायची, "बेचाळीस!" की सगळे चिडीचूप.

तिने मला सुलट टाका शिकवला आणि उलट शिकवायच्या आधी गेली. (तिच्या घरी गेली हो, घाबरू नका.) त्यामुळे माझी पहिली काही वर्षं नुसत्या सुलट टाक्यांवर निघाली. त्यात एक बरं असतं, दोन्हीकडून सुलटच विणलं की पट्टी सपाट राहते, कडा वळत नाहीत. मफलरला तेवढं पुरतं.

सध्या संध्याकाळी लवकर अंधारून येतं, बाहेर पडवत नाही, आणि फोन घेऊन बसलं की डोकं भणभणतं. म्हणून विचारते, थंडीत तुम्ही हातांना काय काम देता? विणकामच पाहिजे असं नाही. शिवण, ठोकाठोकी, मोडकं जोडणं, काहीही चालेल. अर्धवट पडलेलं तर आधी लिहा.

गुंताडा

अर्धवट म्हणालात ना, मग मीच पहिली. एका बाहीचा स्वेटर. दुसऱ्या बाहीची लोकर आणली तर रंग तोच, कंपनी तीच, तरी उन्हात धरलं की फरक दिसतो. लेबलवर रंगाच्या घाण्याचा (एका वेळी रंगवलेल्या लोकरीचा) नंबर असतो तो वेगळा निघाला. आता मुलगी म्हणते फॅशन म्हणून घाल.

रात्रपाळी

@गुंताडा घाला की. नाहीतर दोन ओळी जुन्या लोकरीच्या, दोन नव्या, अशा आलटून पालटून विणा. फरक विरून जातो. अर्थात त्यासाठी पहिली बाहीही उसवावी लागेल 😄

गुंताडा

उसवणार नाही. मरेन पण उसवणार नाही.

शिंपीकाका

आमच्याकडे विणकाम बायकोचं, माझ्याकडे फटी. दारं-खिडक्यांच्या. थंडी सुरू झाली की आधी उदबत्ती पेटवून दाराच्या कडेने फिरवतो, धूर आडवा पळाला की तिथे फट. मग जुन्या पँटचा एक पाय कापायचा, एक तोंड शिवायचं, आत चिंध्या ठासायच्या, मध्ये थोडी वाळू घालायची म्हणजे जागेवरून हलत नाही. दुसरं तोंड शिवून दाराखाली आडवा टाकायचा. शिवणयंत्र नसलं तरी हाताने होतं, धावदोरा नको, उलटी टीप घाला, नाहीतर वाळू गळते. खिडकीच्या काचेवर पाण्याचा फवारा मारून फुगेवालं पॅकिंगचं प्लास्टिक चिकटवायचं, फुगे काचेकडे. गोंद लागत नाही. उजेड येतो, बाहेरचं दिसत नाही. बायकोचं म्हणणं असं की बाहेर बघण्यासारखं आहे काय.

नीरजा_घरी

काका फुगेवालं प्लास्टिक आमच्याकडे टिकणार नाही, पोरं एका दुपारीत फोडून टाकतील

शिंपीकाका

मग त्यांचा वेळ जाईल की. तोही उद्योगच.

मधुरा७

कुकर लावलाय, शिट्टी होईपर्यंत लिहिते. मी विणलेला पहिला पूर्ण स्वेटर, खऱ्या लोकरीचा, वेणीची नक्षी, नवऱ्यासाठी. नवऱ्याने कौतुकाने "मीच धुतो" म्हणून मशीनमध्ये घातला. गरम पाणी. बाहेर आला तेव्हा आमच्या दोन वर्षांच्या भाचीला जेमतेम बसला. आणि कापड असं घट्ट की वेणी कुठली आणि टाके कुठले कळेना. तो बिचारा अजून माफी मागतो, मी अजून मागवून घेते. शिट्टी झाली.

रात्रपाळी

@मधुरा७ नमदा झाला त्याचा, म्हणजे लोकर आवळून झालेलं जाड कापड. लोकरीच्या केसाला बारीक खवले असतात. ओलावा, उष्णता आणि घुसळण एकदम मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. नुसत्या गरम पाण्याने एवढं होत नाही, घुसळण नडते. लेबलवर मशीनमध्ये धुण्याजोगी असं लिहिलेली लोकर खवल्यांवर प्रक्रिया केलेली असते, म्हणून ती वाचते. पण फेकू नका! नमदा कापला तरी उसवत नाही, कात्रीने सरळ कापा. बुटात घालायचे तळवे करा, गरम भांड्याखाली ठेवायला गोल कापा, खुर्चीच्या पायांना चिकटवा.

मधुरा७

नवऱ्याचा स्वेटर नवऱ्याच्याच बुटात. आवडलं.

डावरी

डावखुरं कुणी आहे का इथे? मला आई शिकवायला बसायची आणि दहा मिनिटांत दोघी रडकुंडीला यायचो. शेवटी शेजारच्या काकू म्हणाल्या, तिला शेजारी नको, समोर बसव. समोर बसल्यावर आरशात बघितल्यासारखं झालं आणि पटकन जमलं. एवढी साधी गोष्ट.

दोनसुया

@डावरी हे फार छान. लोकर कुठल्या हातात धरतेस?

डावरी

उजव्या. म्हणजे तुमच्या डाव्या. म्हणजे... जाऊ दे 😂

बारीकसारीक

लोकर डाव्या हातात धरून सुईने उचलणारे आणि उजव्या हाताने सुईवर टाकणारे, या दोन पंथांचं भांडण इथे सुरू करू नका ही विनंती. आमच्या घरात मी आणि सासूबाई त्यावरून जेवायला बोललो नव्हतो. उलट टाके जास्त असले की मला उजवा हातच बरा वाटतो, एवढंच म्हणते आणि गप्प बसते.

पाचव्या_मजल्यावर

मी पुरुष. विणतो. बसमध्ये विणतो. लोक आधी बघतात, मग न बघितल्यासारखं करतात, मग उतरायच्या आधी हमखास कुणीतरी म्हणतं, "माझी आजी विणायची." टोकियो ऑलिम्पिकमध्ये, 2021 साली, सूर मारणारा टॉम डेली प्रेक्षकांत बसून विणत होता, ते फोटो फिरले तेव्हा माझी आई एकदम गप्प झाली. सुवर्णपदक मिळालं त्याला आणि पदकाला ओरखडे पडू नयेत म्हणून त्याने छोटी पिशवी विणली होती. तेव्हापासून आई पाहुण्यांना सांगते, आमचा हापण विणतो. "हापण" म्हणजे ऑलिम्पिकवाल्यासारखा.

रात्रपाळी

@पाचव्या_मजल्यावर सुयांची आणखी एक गोष्ट. फिलिस लातूर नावाची ब्रिटिश हेर 1944 मध्ये पॅराशूटने नॉर्मंडीत उतरली. तिच्याकडचे सांकेतिक कोड रेशमी कापडावर होते. ते ती विणकामाच्या सुईभोवती गुंडाळून केस बांधायच्या नाडीत लपवायची. झडती झाली तेव्हा तिने नाडी सोडून केस मोकळे केले, काही सापडलं नाही. 2023 मध्ये गेली, 102 वर्षांची होती.

नीरजा_घरी

बापरे. आणि मी सुई हरवली की सोफ्यावर बसून शोधते

सावकाश

मी इथे पहिल्यांदाच लिहितेय. बाबा आजारी होते ती सगळी थंडी दवाखान्याच्या बाकावर गेली. तिथे पुस्तक वाचता यायचं नाही, एक ओळ वाचली की नाव पुकारायचे. म्हणून विणायला घेतलं. तीस टाके घालायचे, चौकोन झाला की बंद करायचे, पुढचा सुरू. नक्षी नाही, मोजणी नाही, कुणी हाक मारली तर तसंच पिशवीत टाकून उठता येईल असं. काही चौकोनांत टाके इतके घट्ट आहेत की सुई आत शिरत नव्हती, आणि काही एकदम सैल. घट्ट कुठल्या दिवसांचे ते मला बघितल्यावर कळतं. बाबा मार्चमध्ये गेले. चौकोन नंतर भावाने क्रोशाने जोडले, त्याला तेवढंच येतं. पांघरूण मोठं झालंय, पलंगाच्या बाहेर लोंबतं. सध्या भाऊच वापरतो.

दोनसुया

@सावकाश लिहिलंत ते बरं केलंत. भावाला नमस्कार.

मधुरा७

🙏 घट्ट-सैल टाक्यांचं वाचून पोटात कालवलं. माझ्या आईच्या विणकामातही असंच दिसतं, तिने कधी सांगितलं नाही.

शिंपीकाका

सावकाशताई, काळजी घ्या. सैल चौकोन आणि घट्ट चौकोन जोडताना कडा ओढली जाते, क्रोशाची एक साखळी जास्त घातली की सपाट बसतं. भावाला सांगा, पुढच्या वेळी. (बायको सांगतेय, मी टाइप करतोय.)

सावकाश

सांगते काका. काकूंनाही थँक्यू.

भिंगरी_

कुणी मोजे विणलेत का? टाचेपाशी अडलेय. व्हिडिओमधली बाई "आणि मग वळा" म्हणते आणि वळते, मी कुठे वळू??

बारीकसारीक

@भिंगरी_ हो. गोल विणत टाचेपर्यंत आलीस की निम्मे टाके सुईवर तसेच राहू दे, फक्त उरलेल्या निम्म्यांवर पुढे-मागे विण. टाचेमागचा चौकोनी पडदा तयार होतो. मग वळण. मध्याच्या जरा पुढे जायचं, दोन टाके एकत्र, एक साधा, काम फिरवायचं. उलट बाजूनेही तसंच, मध्य ओलांडून जरासं. आता प्रत्येक ओळीत मागच्या वळणापाशी एक बारीक भोक दिसेल. त्या भोकाच्या अलीकडचा आणि पलीकडचा टाका एकत्र विणायचा, एक साधा, फिरायचं. सगळे टाके संपेपर्यंत. कापड आपोआप वाटीसारखं खोल होत जातं. वाचून कळणार नाही, हातात घेऊन एकेक वाक्य कर.

भिंगरी_

भोक दिसलं!!! थांबा

गुंताडा

ती गेली आता उद्यापर्यंत.

ठोकपीठ

विणकामाचं काही कळत नाही पण अर्धवटात माझं नाव घाला. पुस्तकांचं कपाट. फळ्या कापून झाल्या, घासून झाल्या, पॉलिश राहिलं. थंडीत पॉलिश वाळता वाळत नाही, दारं-खिडक्या उघडून ठेवाव्यात तर घरचे ओरडतात, बंद ठेवावीत तर वासाने ओरडतात. त्यामुळे फळ्या भिंतीला टेकवून ठेवल्यात आणि पुस्तकं फळ्यांसमोर जमिनीवर. तात्पुरती सोय. बाकी अडकणारे ड्रॉवर मात्र सगळे नीट केले, मेणबत्ती घासायची कडांवर, बस. लोण्यासारखे सरकतात.

नीरजा_घरी

@ठोकपीठ तात्पुरती सोय कधीपासून?

ठोकपीठ

पुढचा प्रश्न.

कसरीची_वैरी

सुया सापडल्या तशा रजया नीट आहेत ना? माझ्या आईच्या शालीला यंदा कसर लागली. लोकर खातात त्या अळ्या, ते उडणारं बारीक पाखरू काही खात नाही, ते अंडी घालून जातं. म्हणून एखादं पाखरू दिसलं की ते मारून उपयोग नाही, कपडे बाहेर काढा, झटका, शिवणी उलटून बघा. अळ्यांना घामाचे, सांडल्याचे डाग फार आवडतात, त्यामुळे ठेवायच्या आधी धुवून ठेवणं महत्त्वाचं. धुता येत नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बांधायचं आणि दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये. नुसत्या फ्रीजमध्ये नाही.

बारीकसारीक

डीप फ्रीजरमध्ये शाल बघून सासूबाई काय म्हणतील याचा विचार करतेय.

कसरीची_वैरी

आधी सांगून ठेवा. आमच्याकडे पाहुण्यांनी बर्फ काढायला उघडला होता.

शालभोके

कसरीची भोकं मी रफू करते, थंडीतलं माझं तेच काम. पूर्वी रंग जुळवायला जीव काढायचे. आता मुद्दाम वेगळा रंग घेते. भोकाच्या बाहेरच्या धड टाक्यांपासून सुरुवात करायची, आधी उभे धागे, मग आडवे, एक वर एक खाली. धागा ओढायचा नाही, नाहीतर चुणी पडते. आत जुना बल्ब किंवा गुळगुळीत दगड धरला तर कापड ताणलेलं राहतं. काळ्या कपड्यावर रात्री काम करायचं तर मांडीवर पांढरा टॉवेल पसरा, टाके दिसतात. चष्म्याचा नंबर वाढल्यापासून हे शिकले.

पाचव्या_मजल्यावर

पांढरा टॉवेल!! काळी टोपी घेऊन बसलोय, एक टाका खाली गळालाय तो दिसतच नव्हता. मिळाला. चार ओळी खाली पोचला होता.

डावरी

क्रोशाच्या सुईने वर आणा, उसवू नका. सुलट बाजूने, शिडीची एकेक पायरी त्या घरातून ओढत यायची.

पाचव्या_मजल्यावर

क्रोशाची सुई नाहीये. केसांची पिन चालेल का?

डावरी

चालते. टोक बोथट असेल ती घ्या, आणि तोवर दुसरी पिन त्या टाक्यात अडकवून ठेवा.

भिंगरी_

टाच झाली!!! जरा तिरकी आहे पण पायात गेली. आता बारीकसारीकताई पुढचं सांगा, बाजूचे टाके उचलायचे म्हणे, किती उचलायचे?

बारीकसारीक

पडद्याच्या कडेला जेवढ्या दोन-दोन ओळी, तेवढे. आणि कोपऱ्यात एक जास्तीचा उचल, नाहीतर तिथे भोक राहतं. भाजी फोडणीला टाकून येते, तोवर उचलून ठेव.