स्तनांचा आकार कमी करण्याची शस्त्रक्रिया: निर्णय कसा घेतला? (अनुभव धागा)

नमस्कार. मी साताऱ्यात माध्यमिक शाळेत शिकवते. स्तनांचा आकार कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घ्यावी की नाही, या प्रश्नापाशी मी बऱ्याच दिवसांपासून अडून आहे. ज्यांनी हा निर्णय कोणत्याही बाजूने घेतला आहे त्यांचे अनुभव एका जागी वाचायला मिळावेत, म्हणून हा धागा सुरू करीत आहे. शस्त्रक्रिया झालेल्यांनी लिहावेच, पण विचारान्ती नको म्हटलेल्यांनी आणि ज्यांच्या घरात हा विषय निघाला त्यांनीही लिहावे. डॉक्टरांची व रुग्णालयांची नावे कृपया देऊ नयेत. त्रास काय होता, काय विचारले, काय ठरले आणि पुढे काय झाले, एवढे मोकळेपणाने सांगावे.

माझे वय 43. फळ्यावर हात उंचावून लिहिण्यात दिवस जातो आणि दुपारनंतर मान व दोन्ही खांद्यांमधला भाग इतका भरून येतो की घरी आल्यावर प्रथम आडवे व्हावे लागते. ब्राच्या पट्ट्यांनी खांद्यांवर कायमच्या खाचा पडल्या आहेत. उन्हाळ्यात स्तनांखालची त्वचा लाल होऊन चिघळते आणि मलम लावून बरी झाली तरी पुढच्या घामात पुन्हा तेच होते. मानेचा एक्स-रे काढला, गोळ्या घेतल्या, उशी बदलली. शेवटी फिजिओथेरपीच्या ताईंनी हे दुखणे पुढच्या वजनामुळेही असू शकते असे स्पष्ट सांगितले. तोवर कोणी हा विषय काढला नव्हता आणि मीही काढला नव्हता. आई म्हणते, देवाने दिलेल्या धडधाकट अंगाला कात्री कशाला लावायची? यजमान म्हणतात, तुला योग्य वाटेल ते कर. या दोन्ही उत्तरांनी माझा प्रश्न सुटत नाही.

तासगाव, वय 47, शस्त्रक्रिया केली

ताई, आमची द्राक्षबाग आहे. विरळणी असो की डिपिंग, मांडवाखाली मान वर आणि हात वर करून काम चालते. माझ्या पाठीचे दुखणे बागेमुळेच आहे असे घरात सगळ्यांनी धरून ठेवले होते आणि मलाही ते पटले होते. पण सोबतच्या बायका संध्याकाळी हातपाय धुऊन स्वयंपाकाला लागत, आणि माझ्या हातांच्या करंगळ्यांना मुंग्या येत. मुलीने इंटरनेटवर वाचून मला प्लास्टिक सर्जनकडे नेले. प्लास्टिक सर्जन म्हणजे नाकडोळे सुंदर करणारा डॉक्टर, अशी माझी समजूत होती, त्यामुळे पहिल्या भेटीत मी तोंडही उघडले नाही, मुलगीच बोलली.

डॉक्टरांनी मापे घेतली, खांद्यांच्या खाचा पाहिल्या, स्तनांखालची कातडी पाहिली आणि मग कागदावर चित्र काढून समजावले. जास्तीची चरबी, ग्रंथी आणि कातडी काढतात आणि स्तनाग्र आतल्या ऊतींशी व रक्तवाहिन्यांशी जोडलेले ठेवूनच वर सरकवतात. एक व्रण स्तनाग्राभोवती, एक तिथून सरळ खाली आणि एक स्तनाखालच्या घडीत, असे तीन व्रण राहतात. ते एक-दीड वर्षात फिके पडतात, पण पुसले जात नाहीत. आकार कमी हवा असेल तर व्रण स्वीकारावे लागतील, हे त्यांनी पहिल्याच भेटीत इतक्या स्वच्छपणे सांगितले, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला. लपवून ठेवून सांगणारा डॉक्टर असता तर मी परत गेले नसते.

वेळ मात्र मी ठरवली. एप्रिलची खरड छाटणी आणि त्यानंतरची कामे उरकली की ऑक्टोबर छाटणीपर्यंत बागेत जरा सवड असते, म्हणून पावसाळा निवडला. घामही कमी असतो. पूर्ण भूल दिली होती आणि शस्त्रक्रियेला काही तास लागले. नंतर दोन्ही बाजूंना रक्तपाणी वाहून जाण्यासाठी नळ्या होत्या. दुखणे सोसण्यासारखे होते. सगळ्यांत अवघड गेले ते हात वर न करणे आणि काही न उचलणे. दीड महिना पाण्याची बादलीसुद्धा सुनेनेच उचलली. सून नसती तर काय केले असते, हा विचार ज्यांनी त्यांनी आधी करावा.

उठून बसल्यावर खांद्यांना जे हलके वाटले ते मला नीट सांगता येणार नाही. करंगळ्यांच्या मुंग्या हळूहळू थांबल्या. पाठ पूर्ण बरी झालेली नाही, कारण बागकाम आहेच आणि मणक्यांची झीजही आहे. हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. डाव्या स्तनाग्राची संवेदना बरीचशी परतली, उजव्याची कमीच राहिली. माझ्या वयाला मला त्याची खंत नाही, पण तिशीतल्या बाईने हे आधी तोलून पाहावे.

विश्रामबाग, सांगली, वय 39, शस्त्रक्रिया केली नाही

मी बँकेत काम करते. सर्जनची भेट घेऊन आले आणि त्यानंतर नाही ठरवले, म्हणून लिहिते. मला मधुमेह आहे आणि त्या वेळी साखर आटोक्यात नव्हती. वजनही वर्षभर वरखाली होत होते. डॉक्टरांनी साखर नियंत्रणात आणून वजन स्थिर झाल्यावर या असे सांगितले. स्तनांत चरबी किती आणि ग्रंथी किती हे प्रत्येकीत वेगळे असते, त्यामुळे वजन घटल्यावर कोणाचा आकार बराच कमी होतो आणि कोणाचा जवळपास तसाच राहतो, हेही त्यांनी सांगितले. माझा बऱ्यापैकी कमी झाला.

दुसरा फरक पडला तो योग्य मापाच्या ब्राने. इतकी वर्षे मी दुकानात मिळेल ते माप घेत आले, कारण मोठ्या मापांची विचारणा मोठ्याने करायची लाज वाटे. आधार मुख्यतः छातीभोवतीच्या पट्ट्याने द्यायचा असतो, खांद्यांच्या पट्ट्यांनी नव्हे, हे फिजिओथेरपीत कळले. रुंद पट्ट्यांची, घट्ट घेराची ब्रा मागवली आणि पाठीच्या वरच्या भागाचे व्यायाम नियमाने केले. अजूनही महिन्याच्या त्या दिवसांत दुखते. पण आज मला शस्त्रक्रियेची गरज वाटत नाही, आणि उद्या वाटली तर मी संकोच न करता जाईन. धागा काढणाऱ्या ताईंचा त्रास माझ्याहून खूप जास्त दिसतो, तेव्हा माझ्या उत्तरावरून त्यांनी थांबू नये.

कराड, सतरा वर्षांच्या मुलीची आई

माझी मुलगी सातवीत असल्यापासून पाठीला बाक काढून चालते. खेळ सोडला, पोहणे सोडले, उन्हाळ्यातही ओढणी. बसमध्ये आणि वर्गात तिला जे ऐकावे लागले ते मी इथे लिहीत नाही. मला वाटे, लग्नानंतर, मूलबाळ झाल्यावर बघू. तिने एके दिवशी विचारले, "आई, तोपर्यंत मी काय करू?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

सर्जननी तिच्याशी एकटीने बोलायला वेळ दिला, हे मला फार आवडले. वाढ पूर्ण होऊन आकार निदान वर्षभर स्थिर राहावा, नाहीतर पुन्हा वाढून पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते, असे त्यांचे म्हणणे पडले. पुढे बाळाला अंगावर पाजण्याच्या क्षमतेवर परिणाम होऊ शकतो, हे त्यांनी मला नव्हे, तिला समजावले. सध्या थांबलो आहोत, पण लग्नासाठी नव्हे, वाढ थांबण्यासाठी. दरम्यान चांगल्या आधाराची स्पोर्ट्स ब्रा घेऊन दिली आणि ती पुन्हा बॅडमिंटनला जाऊ लागली आहे. निर्णय तिचाच असेल असे मी तिला सांगितले आहे, आणि तिच्या आजीलाही.

वाई, वय 34, लग्नाआधी शस्त्रक्रिया केली

कराडच्या ताईंसाठी लिहिते. माझी शस्त्रक्रिया पंचविशीत झाली. लग्न ठरताना मी होणाऱ्या नवऱ्याला व्रणांसह सगळे सांगितले, आणि सासूबाईंना त्यांनी सांगितले. बाळ झाल्यावर दूध आले, पण पुरेसे आले नाही. अंगावर पाजून वरचे दूधही द्यावे लागले. पहिल्या महिन्यात मला याचे फार वाईट वाटले, विशेषतः भेटायला येणारी प्रत्येक बाई "दूध पुरतंय ना?" असे विचारी तेव्हा. शस्त्रक्रिया न झालेल्या बायकांनाही दूध कमी येते, असे बालरोगतज्ज्ञांनी सांगून धीर दिला. गरोदरपणात आकार थोडा वाढला आणि पूर्वीइतका काही उतरला नाही. हे सगळे धरूनही मी तोच निर्णय पुन्हा घेईन, कारण त्या आठ-नऊ वर्षांत मी वाकून न चालता जगले.

विटा, वय 51, शस्त्रक्रिया केली, जखम उशिरा भरली

उभा आणि आडवा व्रण जिथे मिळतात त्या टोकाला माझी जखम उघडली. तिथल्या कातडीवर ताण सर्वांत जास्त असतो आणि असे होऊ शकते हे संमतिपत्रात लिहिलेले होते, पण आपल्याच बाबतीत झाल्यावर धीर सुटतो. बरेच आठवडे ड्रेसिंग करावे लागले आणि शेवटी ती टाके न घालता भरली.

पैशांचेही लिहिते, कारण कोणी लिहीत नाही. आरोग्यविम्याच्या अटींत सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळलेली असते. अपघात, भाजणे व कर्करोगानंतरची पुनर्रचना आणि आरोग्याला असलेला थेट धोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असलेले उपचार, एवढेच त्याला अपवाद आहेत. माझा दावा आधी नाकारला गेला. मी त्वचारोगतज्ज्ञांच्या चिठ्ठ्या, फिजिओथेरपीच्या नोंदी आणि सर्जनचे प्रमाणपत्र जोडून पुन्हा अर्ज केला, तरी तो मान्य झाला नाही. तेव्हा विम्याची पूर्वमंजुरी लेखी हातात आल्याशिवाय पैसे मिळतील असे धरून चालू नका, आणि त्रासाची प्रत्येक चिठ्ठी आजपासून जपून ठेवा.

धागाकर्ती, सातारा

सर्वांचे मनापासून आभार. वाईच्या ताईंनी दुधाबद्दल इतके खुलेपणाने लिहिले, याबद्दल विशेष. माझी मुले मोठी आहेत, त्यामुळे तो प्रश्न मला नाही. मला भीती आहे ती भुलेची आणि पुढे कर्करोगाची तपासणी अवघड होईल का याची. मिरजेच्या वॉर्डात काम केलेल्या कोणी असतील तर कृपया सांगावे.

मिरज, निवृत्त परिचारिका

ताई, मी शस्त्रक्रिया विभागात बरीच वर्षे काढली आहेत. भुलेआधी हृदय, रक्त, साखर यांच्या तपासण्या होतात आणि भूलतज्ज्ञ स्वतः येऊन बोलतात. तेव्हा दमा, रक्तदाब, चालू असलेल्या गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधे आणि आयुर्वेदिक काढेसुद्धा सांगून टाकावेत. चाळिशीनंतर शस्त्रक्रियेआधी मॅमोग्राफी करतात आणि काढलेला भाग तपासणीला पाठवतात. पुढेही मॅमोग्राफी करता येते. व्रणांमुळे चित्रात काही बदल दिसतात, म्हणून तपासणाऱ्याला शस्त्रक्रियेची माहिती द्यावी आणि जुने अहवाल जवळ ठेवावेत.

आमच्या भागात एक गोष्ट मला प्रत्येकीला विचारावी लागे, आणि घरची माणसे शेजारी असली की बायका नाही म्हणत: मिश्री लावता का? तंबाखू कोणत्याही रूपात घेतली तरी निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात, आणि जे स्तनाग्र नव्या जागी बसवले आहे त्याला रक्त कमी पडले तर ते काळे पडून गमावण्याचा धोका असतो. निदान महिनाभर आधीपासून आणि जखमा भरेपर्यंत मिश्री पूर्ण बंद हवी. लाज वाटत असेल तर नातेवाइकांना बाहेर बसायला सांगून डॉक्टरांना एकटीने सांगा. त्यावरून शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाईल, पण तुम्हाला कोणी रागावणार नाही. आणि पहिल्या भेटीला जाताना ब्रा तीच घालून जा जी रोज वापरता, म्हणजे खांद्यांवरचे वळ त्यांना जसे आहेत तसे दिसतील.