'कॉन्फरन्स रीअलाइनमेंट'ला मराठीत काय म्हणाल?

इथल्या न्यू जर्सीतल्या मंडळाच्या अंकासाठी कॉलेज फुटबॉलवर दोन पानं लिहितेय आणि पहिल्याच ओळीत गाडी अडकलीये. 'परिषद पुनर्रचना' असं लिहिलं आणि सासऱ्यांना वाचायला दिलं तर म्हणाले, कुठे आहे ही परिषद, जेवण आहे का? त्यांचं काय चुकलं, परिषद म्हटलं की मंडप, अध्यक्षीय भाषण आणि ठराव हेच येतं डोळ्यासमोर. इथे कॉन्फरन्स म्हणजे दरवर्षी आपसात खेळणाऱ्या आणि टीव्हीचे पैसे वाटून घेणाऱ्या विद्यापीठांचा कायमचा गोतावळा, आणि रीअलाइनमेंट म्हणजे विद्यापीठांनी एक गोतावळा सोडून दुसऱ्यात जाणं. 'संघ' म्हणावं तर टीमलाही संघच म्हणतो आपण, म्हणजे 'संघ हा संघ सोडून त्या संघात गेला'. त्यात 'ॲथलेटिक' आलं की आपल्याला फक्त धावणं, उड्या, गोळाफेक आठवते, इथे फुटबॉलपासून पोहण्यापर्यंत सगळं त्यात. सुचवा प्लीज.

—

सरळ 'गट' लिहा ना ताई, कशाला डोकं खाजवायचं.

—

गट नको. वर्ल्डकपचे गट ड्रॉ काढून पडतात आणि स्पर्धा संपली की संपतात, बिग टेन ही कॉन्फरन्स १८९६ पासून आहे. कॉन्फरन्सच ठेवा, 'लीग' नाही का ठेवलं आपण? जाता जाता, आयव्ही लीग ही पण मुळात खेळांचीच कॉन्फरन्स आहे, आठ विद्यापीठांची. आपल्याकडे लग्नाच्या बायोडेटात स्टॅनफर्डवाला पण बिनधास्त आयव्ही लीगवाला होतो.

—

मला कॉन्फरन्सपेक्षा 'पुनर्रचना' जास्त खटकतंय. पुनर्रचना म्हणजे वर कोणीतरी बसलंय, नकाशा पुढ्यात घेतलाय आणि रेघा मारतोय, जसं राज्य पुनर्रचना, मतदारसंघांची पुनर्रचना. इथे असा वरचा कोणी नाहीच. कोणी कुठल्या कॉन्फरन्समध्ये जायचं हे एनसीएए, म्हणजे कॉलेजच्या खेळांची देशपातळीवरची संघटना, ठरवत नाही, आणि १९८४ ला सुप्रीम कोर्टाने फुटबॉलच्या टीव्ही हक्कांवरची त्यांची पकड पण सोडवली, तेव्हापासून जो तो चॅनेलशी आपापला सौदा करतो आणि ज्या ताटात जास्त वाढलंय तिकडे सरकतो. नकाशा बघून केलं असतं तर लॉस एंजेलिसचं यूसीएलए आणि तुमचं न्यू जर्सीचं रटगर्स एका कॉन्फरन्समध्ये आलं असतं का, मध्ये जवळजवळ चार हजार किलोमीटर! स्टॅनफर्ड तर 'अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स'मध्ये (एसीसी) गेलंय, पॅसिफिकच्या काठावर बसून. म्हणून माझा शब्द: पक्षांतर तसं 'गटांतर'.

—

गटांतर झकास! पण मग 'एक्स्पान्शन'चं काय? मला वाटतं एकाच गोष्टीला कोण बोलतंय त्यावर शब्द बदलतो. २०२४ ला दक्षिण कॅलिफोर्निया, यूसीएलए, ओरेगन, वॉशिंग्टन असे चौघे आले आणि बिग टेन अठरांचं झालं, ते त्याला 'विस्तार' म्हणणार. ज्यांची माणसं गेली त्या पॅक-१२ या पश्चिम किनाऱ्यावरच्या कॉन्फरन्ससाठी ती फोडाफोडी. आणि तटस्थ माणूस रीअलाइनमेंट म्हणतो.

—

फोडाफोडीवरून आठवलं, २०२१ ला टेक्सस आणि ओक्लाहोमा ही विद्यापीठं बिग १२ सोडून एसईसीकडे (साउथईस्टर्न कॉन्फरन्स) निघाली तेव्हा घाबरून बिग टेन, एसीसी आणि पॅक-१२ यांनी 'अलायन्स' जाहीर केली होती. सही केलेला करार नव्हता, एकमेकांच्या शब्दावर सगळं. वर्षभराच्या आत, जून २०२२ मध्ये, बिग टेननेच पॅक-१२ ची दोन विद्यापीठं उचलली. याला मात्र मराठीत शब्द शोधायला नको, 'युती' पुरे, वाचणारा पुढचं आपोआप समजतो.

—

एक राहिलं, नावातले आकडे. बिग टेनमध्ये अठरा, बिग १२ मध्ये सोळा, आणि मधली दोन-तीन वर्षं तर बिग टेनमध्ये बारा आणि बिग १२ मध्ये दहा होते! पॅकवाले त्यातल्या त्यात प्रामाणिक, पॅक-८, १९७८ ला पॅक-१०, २०११ ला पॅक-१२, माणसं वाढली की पाटी बदलायची. 'थोरले दहा' वगैरे भाषांतर अजिबात करू नका. पंचक्रोशीत पाच कोस कोण मोजतं.

—

सगळ्यांचे आभार, कॉन्फरन्स ठेवतेय आणि 'गटांतर' घेतेय, फोडाफोडी उपमथळ्यात. सासऱ्यांना लगेच वाचून दाखवलं. चष्मा काढून म्हणाले, बरं, मग मूळ पक्षाचं नाव आणि चिन्ह कुणाकडे गेलं? मला वाटलं थट्टा करतायत, पण बघितलं तर खरंच हे प्रकरण २०२३ ला कोर्टात गेलं होतं. दहा निघाले, ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट दोघेच उरले, आणि पॅक-१२ चा कारभार नाव-तिजोरीसकट त्या दोघांकडेच राहिला. हे सांगितलं तर सासरे बराच वेळ गप्प. मग म्हणाले, उरलेल्यांना मिळालं? खात्री करून घे, छपाईची चूक असेल.