धागा: हातभट्टीवाल्याच्या हातात सप्ताहाची वीणा द्यावी का?

तापीकाठ (धागाकर्ता):
मुक्ताईनगर तालुक्यातलं आमचं गाव. सप्ताह चार दिवसांवर आलाय आणि वीणेच्या पहाऱ्यावरून, म्हणजे रात्रंदिवस वीणा खाली न ठेवता पाळीपाळीने हातात घेऊन उभं राहण्यावरून, देवळात वाद पेटलाय. गावात एक आबा आहेत. पंधरा वर्षं हातभट्टी लावली, दोनदा जेलात गेले. अकरा वर्षांपूर्वी माळ घातली. तेव्हापासून एकादशी चुकवलेली नाही. आषाढीला मुक्ताईच्या पालखीसोबत महिनाभराहून जास्त पायी चालतात, पहाटे काकड्याआधी देऊळ झाडतात. यंदा त्यांनी रात्री दोन ते चारचा पहारा मागितला. ही वेळ एरवी कोणी घेत नाही. अर्धं गाव म्हणतं, वीणा द्यायची नाही. मी म्हणतो, द्या. मागचं सगळं तसंच चिकटून राहणार असेल तर माळ घालायची तरी कशाला?

रावेरकर:
सहमत. वाल्याचा वाल्मीकी झाला तो याच देशात. देवाला चालतं, मग गावाला का चालू नये?

पारोळ्याची लेक:
मला चालत नाही. माझे वडील हातभट्टीची पिऊन गेले, मी नववीत होते. पुढे त्याच भट्टीवाल्याने माळ घातली आणि एका सप्ताहात वीणेला उभा राहिला. आमच्याकडे वीणेकऱ्याच्या पाया पडूनच मंडपात बसतात. आई चपला काढून आत आली, त्याला पाहिलं आणि खांबाजवळच थांबली. हातात वातींचा डबा होता. बायका म्हणाल्या, "अगं, पाया वीणेच्या पडायचं, माणसाच्या नाही." पण हात तर त्याच्याच पायांना लागणार ना? ती डबा खांबाशी ठेवून परत आली. घरी एवढंच म्हणाली, "देवनी माफ करं व्हई, मी नही." त्यानंतर सात वर्षं ती सप्ताहाला गेली नाही. त्याला देऊळ मिळालं, माझ्या आईचं मात्र सुटलं.
आणि वाल्याची गोष्ट पूर्ण सांगा, रावेरकर दादा. बायकोपोरांनी त्याच्या पापात वाटा घेतला नव्हता. तो ज्याचा त्यालाच फेडावा लागला.

टाळकरी:
ताई, तुमच्या आईंचं दुःख मोठं आहे. पण आपण मुक्ताईच्या मुलखातली माणसं. लोकांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानोबांनी दार लावून घेतलं, तेव्हा मुक्ताईने त्यांना ताटी उघडायला लावली. १२९७ साली ती इथेच तापीकाठी, मेहूणला गुप्त झाली. तिच्या गावात दार बंद ठेवायचं?

पारोळ्याची लेक:
ती ताटी आतून उघडली होती, काका. मुक्ताई बाहेर उभी राहून विनवत होती, तिने दार फोडलं नाही. आणि ती सख्खी बहीण होती, तिलाही तीच बोलणी बसलेली. ज्याने घाव घातला त्याने येऊन 'उघडा' म्हणणं वेगळं.

रावेरकर:
मग त्याने करायचं काय? आयुष्यभर देवळाबाहेर बसायचं?

पारोळ्याची लेक:
असं मी कुठे म्हटलं? झाडू दे देऊळ, चालू दे वारी. त्याची भक्ती खोटी आहे असंही मी म्हणत नाही. पण ज्या घरांचं नुकसान केलं तिथे तो कधी गेला का, एवढं विचारा.

तापीकाठ:
ताई, तुमचं वाचून काल रात्री आबांकडे गेलो. विचारलं. बराच वेळ माळेचा मणी फिरवत बसले. म्हणाले, "पंढरपूरला पाय उचलतात, त्या दोन घरांकडे उचलत नाहीत." अकरा वर्षांत एकदाही गेले नाहीत. हे मला माहीत नव्हतं, आणि मी न विचारताच त्यांची बाजू लढत होतो.
माझं मत अजूनही पहारा द्यावा हेच आहे, पण आधी त्या दोन घरांना विचारून. आज सकाळी आबांना घेऊन गेलो. पहिल्या घरी मावशींनी ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. म्हणाल्या, दोन ते चार मी झोपलेली असते, उभा राहू दे. दुसऱ्या घरी काकूंनी आबांना पाहिलं आणि काही न बोलता दार लावून घेतलं. आबा पायरीवर डोकं टेकवून परत फिरले.

टाळकरी:
एक हो, एक नाही. मग यादीत नाव घालायचं का?

पारोळ्याची लेक:
ते गावाने ठरवा. त्या काकूंना मात्र परत विचारायला जाऊ नका. आणि त्या सप्ताहाला आल्या, तर त्यांना कोणाच्याही पाया पडायला सांगू नका.