दिव्याखाली पडतात ते हुमणीचे भुंगेरे की झुरळं?

ऊसकरी: वळीव झाल्यापासून तिन्हीसांजेला पडवीतल्या ट्यूबलाइटवर तांबूस-तपकिरी किडे धडकतात, उताणे पडून पाय झाडत राहतात. घरात म्हणतात झुरळं, शेजारी म्हणतात हुमणीचे, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीचे, भुंगेरे. पडवीला लागूनच आडसाली उसाचं रान आहे. खात्री कशी करायची? झुरळाची जेल चालेल का?

बांधावरून: किडा सुलटा करून पाठ बघा. भुंगेऱ्याचे वरचे पंख म्हणजे टणक कवच, पाठीच्या मधोमध सरळ रेघेत जुळलेलं. झुरळाचे पंख चामड्यासारखे, शिरा दिसणारे आणि सदऱ्याच्या पट्टीसारखे एकावर एक चढलेले.

मग मिशा. झुरळाची मिशी केसासारखी, जवळपास अंगाएवढी लांब, सारखी वळवळणारी. भुंगेऱ्याची आखूड, टोकाला ३ पाकळ्या. त्या पंख्यासारख्या उघडतात, मिटतात. मोबाइलवर फोटो काढून मोठा केलात की दिसतील. भुंगेरा साधारण २ सेंमी, घरातलं मोठं झुरळ ३.५ ते ४ सेंमी. शिवाय झुरळ सहसा उजेड लागला की पळतं, दिव्यावर येऊन आपटत नाही. तुमचे भुंगेरेच वाटतात.

मोरीवाला: एक फसगत: बिनपंखाचा दीड-दोन सेंमीचा तपकिरी किडा दिसला तर ते झुरळाचं पिल्लू. झुरळात कोषावस्था नाही, पिल्लू कात टाकत टाकतच मोठं होतं. जेल त्यांच्यासाठी, सिंकखाली आणि कपाटाच्या बिजागरीजवळ बारीक ठिपके. त्यावर स्प्रे मारू नका, मारलात तर झुरळं जेलकडे फिरकत नाहीत. भुंगेरे कडुनिंब-बाभळीचा पाला खातात, त्यांना जेलचं काय!

शिवार: घाई करा. मादी जमिनीत सुमारे १० सेंमी खोल अंडी घालते आणि खरं नुकसान अळी करते, मुळं कुरतडून. घमेल्यात पाणी, वर थोडं रॉकेल, त्यावर हातभर उंचीवर बल्ब. रात्रभर चालू ठेवा.

बांधावरून: रात्रभर नको, उपयोगी किडेही मरतात. अंधार पडल्यापासून ९ पर्यंत पुरे. त्यानंतर कडुनिंब-बाभळीच्या फांद्या आकडीने हलवून खाली पडलेले भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात टाका. पहाटेपर्यंत थांबलात तर ते परत मातीत शिरतात. आणि हे एकट्याने करून भागत नाही, आजूबाजूच्या शिवारातली झाडंही त्याच आठवड्यात झोडा.

ऊसकरी: ३ पाकळ्या दिसल्या. आजच घमेलं मांडतो.